वाळवंटातील फुले



वर्धापनदिनी चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हळदीकुंकवाला दीडशे बायका येणार असल्या तर मसालेदुधाला दूध किती आणि साखर किती, हे मी तोंडावर सांगेन. पण भाषण करणे हे काही माझे काम नव्हे. तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही अमेरिकेला जाऊन आलात, तिकडचेच काही सांगा."

आता खरे सांगायचे तर मी अमेरिकेत सहा महिने होते, पण त्यातले बहुतेक दिवस स्वयंपाकघरात आणि बाळंतिणीच्या खोलीत गेले. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाचे न्हाणे, दुपटी धुणे, यात अमेरिका काय आणि आपली गल्ली काय, सारखेच! म्हणून मी सहा महिन्यांची हकीकत सांगणार नाही. एकाच दिवसाची सांगते. आणि शेवटी मला आपणापुढे एक कबुली द्यायची आहे. धीर राहिला तर तीही देईन.

माझी धाकटी बहीण कॅलिफोर्नियात सॅन दिएगो शहरी असते. ती आणि मेहुणे दोघेही इंजिनियर. २०१८ साली दिवाळी झाल्यावर तिच्या बाळंतपणासाठी मी गेले. आईच्याने आता प्रवास होत नाही, म्हणून थोरली बहीण या नात्याने ते काम माझ्याकडे आले. डिसेंबरात मुलगी झाली. सगळे सुखरूप पार पडले.

तिकडे पाऊस आपल्यासारखा आषाढ-श्रावणात पडत नाही, हिवाळ्यात पडतो. त्या हिवाळ्यात तो खूपच झाला. मार्च उजाडला तसे मेहुणे म्हणाले, "यंदा वाळवंटात फुले आली आहेत. अशी फुले दरवर्षी येत नाहीत. ताईंना दाखवून आणू."

मला हसूच आले. मी माणदेशातली. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुका आहे, तिथे माझे माहेर. उघडे माळ, कुसळे, कोरडे ओढे आणि टँकरपुढे लावलेल्या घागरींची रांग हे बघतच मी मोठी झाले. पेट्रोल जाळून वाळवंट बघायला कशाला जायचे? पण दोघांचा उत्साह पाहून मी गप्प बसले. पहाटे उठून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी आणि दहीभात बांधून घेतला आणि सहा वाजता निघालो. गर्दी नको म्हणून मंगळवार धरला होता. बाळ तीन महिन्यांचे; त्याच्या सामानानेच अर्धी मोटार भरली!

वाट सुमारे दोन तासांची. शहर मागे पडले की हिरव्या टेकड्या लागतात, मग चढण सुरू होते. चार हजार फुटांवर ज्युलियन नावाचे लहानसे गाव आहे. पूर्वी तिथे सोन्याच्या खाणी होत्या, आता सफरचंदांच्या गोड पायसाठी ते प्रसिद्ध आहे. पाय म्हणजे भाजलेली मोठी करंजीच म्हणा ना! तिथे उंच झाडे होती, हवेत गारठा होता. आणि गाव सोडून आम्ही पलीकडची घाटी उतरू लागलो तो काय, पाहता पाहता झाडे गेली, गवत गेले, उघडे खडक आणि काटेरी निवडुंग सुरू झाले. पाऊण तासात जग बदलले.

मेहुणे सांगू लागले, "समुद्रावरून येणारे ढग हे डोंगर अडवतात. पश्चिमेकडच्या उतारावर पाऊस पडून जातो आणि पूर्वेला काही उरत नाही." मी म्हटले, "हे तुम्ही मला सांगता? आमच्या महाबळेश्वराला दोनशे इंचांहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात आमच्या माणमध्ये वीस इंच पडला तर देव पावला म्हणतात. डोंगराच्या पाठीमागे राहणे काय असते ते मला चांगले ठाऊक आहे." मेहुणे हसले. पण त्या घडीपासून ती जागा मला परकी वाटली नाही. फरक एवढाच की तिथे वर्षाकाठी पाच-सहा इंचच पाऊस. माणपेक्षाही गरीब मुलूख!

त्या वाळवंटाचे नाव आन्झा-बोरेगो. तिथल्या सरकारने ते राखून ठेवले आहे, आणि ते सहा लाख एकरांहून मोठे आहे. आन्झा हा एक स्पॅनिश सरदार, तो १७७४ साली या वाटेने गेला होता. आणि बोरेगो म्हणजे स्पॅनिश भाषेत मेंढरू. तिथल्या डोंगरांत मोठ्या वळणदार शिंगांची रानमेंढरे आहेत. म्हणजे तोही मेंढरांचाच मुलूख!

मध्यभागी बोरेगो स्प्रिंग्ज नावाचे छोटे गाव आहे. त्याच्या आसपास माळावर लोखंडी पत्र्याचे प्रचंड प्राणी उभे केले आहेत: हत्ती, घोडे, उंट. एक साप तर असा की, त्याचे डोके रस्त्याच्या एका बाजूला आणि शेपूट दुसऱ्या बाजूला. रस्त्याखालून शेषनागच गेल्यासारखा दिसतो. पण आम्ही तिथे थांबलो नाही. गावाच्या उत्तरेला हेंडरसन कॅनियन रोड म्हणून रस्ता आहे, तिकडे गेलो.

बायांनो, तिथे जे पाहिले ते सांगायला मजजवळ शब्द थोडे आहेत. दूरवर उघडेबोडके तपकिरी डोंगर, आणि त्यांच्या पायथ्यापर्यंत नुसती पिवळी आणि जांभळी जमीन! पिवळी ती वाळवंटी सूर्यफुले. आपल्या सूर्यफुलापेक्षा पुष्कळ लहान, साधारण शेवंतीएवढी. जांभळट गुलाबी ती सँड व्हर्बिना. ती जमिनीवर पसरते, तिचे झुबके असतात, पाने हाताला चिकट लागतात आणि वास मोठा गोड. वाऱ्याची झुळूक आली की सारा माळ घमघमे. मधूनमधून पांढरी लिली, अगदी देवघरात ठेवावी अशी. तिचा कांदा वाळूत खोल असतो आणि कोरड्या वर्षी तो वर येतच नाही, खालीच पडून राहतो. आणि ओकोतीयो नावाचे एक झाड आहे. झाड कसले, काटेरी छड्यांची मोळीच ती. एरवी वाळून कोळ झालेली दिसते, पण तेव्हा प्रत्येक छडीच्या टोकाला लाल तुरा पेटलेला होता.

आपल्या साताऱ्याजवळचे कासचे पठार आपण सहलीला पाहिले आहे. २०१२ साली त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. पण कासला पावसाची काय वाण? तिथे फुले आली नाहीत तरच नवल. इथे तर पायाखाली भुसभुशीत वाळू होती. मूठभर उचलून पाहिली, ओलावा नावाला नाही. आणि त्यातून ही फुले!

मी पटकन खाली वाकले. फूल दिसले की आपला हात पुढे होतोच, एक देवाला, एक केसांत. तेवढ्यात बहीण ओरडली, "अक्का, तोडू नकोस! इथे फूल तोडायला बंदी आहे." आजूबाजूच्या लोकांनी वळून पाहिले. मला फार ओशाळल्यासारखे झाले. पुढे पाहिले तर तिकडचीच काही शिकलेली मंडळी फोटोसाठी फुलांत आडवी पडली होती आणि उठली तेव्हा खालची फुले चिरडलेली होती. मी एक फूल तोडणार होते तर मला बोलणे, आणि यांचे काय? पण मी काही बोलले नाही. गप्प राहण्याची मला सवय आहे.

फुलांच्या पानांवर बोटाएवढ्या जाड अळ्या होत्या, शेकड्यांनी. शेतकऱ्याच्या पोरीच्या अंगावर अळी पाहून काटाच येतो. पण मेहुण्यांनी वर आकाशाकडे बोट दाखवले. ससाणे घिरट्या घालत होते. ते पक्षी थंडीच्या दिवसांत पार खाली अर्जेंटिनात असतात. वसंतात उत्तरेला जाताना इथे उतरतात आणि या अळ्या खाऊन पुढच्या प्रवासाची शिदोरी बांधतात. त्याच मार्चमध्ये नारिंगी-काळी फुलपाखरे लाखांनी वायव्येकडे चालली होती. आमच्या मोटारीसमोरून सारखी जात होती. म्हणजे एक पाऊस झाला की केवढ्यांचे पोट भरते पाहा.

दुपारी ऊन वाढले तसे बाळाला घेऊन आम्ही माहितीकेंद्रात गेलो. ती इमारत अर्धी जमिनीत पुरलेली आहे आणि तिच्या छपरावर माती टाकून झाडे लावली आहेत. आमच्याकडची माळवदाची घरे अशीच. वर माती, आत गारवा. आत भिंतींवर मोठमोठे फलक होते आणि काचेखाली निरनिराळी बियाणी मांडलेली होती. मी एका फलकापाशी उभी राहिले. इंग्रजी मला वाचता येत नाही. अक्षरे लावता येतात, अर्थ लागत नाही. मी बहिणीला विचारले, "इथे काय लिहिले आहे ग?"

ती बाळाला पाजायला बसली होती. ती म्हणाली, "काही नाही ग अक्का, बियांची माहिती आहे. तुला कंटाळा येईल. तुला कुठे वाचायची आवड!"

तिच्या मनात वाईट नव्हते. पण तो शब्द मला आत कुठेतरी जाऊन लागला. 'आवड नव्हती.' आमच्या घरात हे वाक्य तीस वर्षे चालत आलेले. थोरलीला शाळेची आवड नव्हती, धाकटी हुशार निघाली.

मी मेहुण्यांना म्हटले, "तिथे त्या म्हाताऱ्या बाई लोकांना माहिती देत आहेत ना, त्यांना माझा एक प्रश्न विचारा. आमच्याकडे मृगाच्या आधी वळवाचा पाऊस येतो. त्याला भुलून माणूस पेरतो, मग पाऊस ओढ देतो, उगवलेले जळून जाते आणि दुबार पेरणी करावी लागते. मग हे वाळूतले बी खोट्या पावसाला कसे भुलत नाही?"

त्या बाई पांढऱ्या केसांच्या, उन्हाने रापलेल्या, विनावेतन काम करणाऱ्या स्वयंसेविका होत्या. मेहुण्यांनी प्रश्न सांगितला तशी त्यांनी माझा हातच धरला. म्हणाल्या, "सकाळपासून सगळे मला एवढेच विचारताहेत की फुले कुठे आहेत. हा प्रश्न तुम्हीच विचारलात." आणि मला काचेपाशी नेऊन त्यांनी नीट समजावून सांगितले.

यांपैकी पुष्कळ बियांच्या सालीत एक कडू द्रव्य असते. ते आहे तोवर बी उगवत नाही. शिडकावा झाला तर वाळू भिजते, पण ते द्रव्य धुऊन जात नाही. निदान अर्धा-एक इंच पाऊस वरून चांगला कोसळावा लागतो, तेव्हा ते द्रव्य वाहून जाते आणि मग बी डोळा उघडते. फ्रिट्स वेंट नावाचे शास्त्रज्ञ कॅलिफोर्नियात होते. त्यांनी वाळवंटातली वाळू बियांसकट आणून हा प्रयोग केला. तेवढेच पाणी खालून मुरवले तर बी उगवले नाही. वरून पावसासारखे पाडले तेव्हा उगवले. म्हणजे बी केवळ ओल बघत नाही, पाऊस खरा आहे का ते बघते. शिवाय पाऊस चांगला झाला तरी सगळी बियाणी एकदम उगवत नाहीत. काही पुढच्या सालासाठी वाळूतच थांबतात. कित्येक वर्षे थांबतात. वरून पाहणाऱ्याला वाटते, इथे काहीच नाही.

हे ऐकले आणि मैत्रिणींनो, माझ्या डोळ्यांपुढे आमचे रान उभे राहिले. मी सातवी पास झाले, त्या वर्षीची गोष्ट. वर्गात माझा दुसरा नंबर आला होता. वळीव चांगला झाला म्हणून वडिलांनी घाई केली. आई गाडग्यात राख घालून बियाणे राखून ठेवीत असे, तेही सगळे पेरले. पुढे महिनाभर आभाळ कोरडे. बाजरी करपली. उसनवारी करून दुबार पेरणी केली, तीही धड आली नाही. मग आईवडील दोघे रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. घरी सहा वर्षांची ही बहीण आणि पाळण्यात भाऊ. आठवीची शाळा तीन मैलांवर. मला कोणी शाळा सोड असे म्हटले नाही. दप्तर खुंटीला होते, ते मीच माळ्यावर टाकले. शेजारपाजारच्यांनी विचारले तेव्हा आईची मान खाली जाऊ नये म्हणून मीच म्हणाले, "मला आवडच नाही शाळेची." तेच वाक्य पुढे सगळ्यांना खरे वाटू लागले. काही दिवसांनी मलाही.

बाहेर सावलीत बसून आम्ही दशम्या सोडल्या. बहीण गप्प होती. तिने सगळे ऐकले होते. मी तिला म्हटले, "तुला आज एक सांगते. माझी शाळा आवड नव्हती म्हणून सुटली नाही. त्या साली दुबार पेरणी झाली म्हणून सुटली." एवढेच. आवाज मी चढवला नाही. तिच्या हातातला घास हातातच राहिला. ती म्हणाली, "मला हे कधी कुणी सांगितले नाही, अक्का." मी म्हटले, "तू सहा वर्षांची होतीस. आणि पुढे सांगून तुझ्या पायात बेडी कशाला घालायची?"

ती रडली, मीही थोडी रडले. बाळ मात्र आमच्याकडे पाहून बोळके काढून हसत होते! मग ती उठली, माझा हात धरून मला पुन्हा आत घेऊन गेली आणि एकेका फलकापाशी उभी राहून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मराठीत सांगत गेली. काही गाळले नाही. मेहुणे बाळाला खांद्यावर टाकून बाहेर फेऱ्या घालत होते. पुरा तास लागला.

परत निघण्यापूर्वी संध्याकाळी आम्ही पुन्हा त्या माळावर गेलो. तिथे इव्हिनिंग प्रिमरोज म्हणून एक पांढरे फूल आहे. दुपारी ते मिटलेले होते, म्हणून सकाळच्या गर्दीतल्या बहुतेकांनी त्याच्याकडे पाहिलेही नव्हते. ऊन उतरले तशी वाळूवर एक एक पाकळी उलगडू लागली. आपल्या गुलबाक्षीसारखेच ते, संध्याकाळचे. ज्या अळ्यांची मला किळस आली होती त्यांचेच पुढे मोठे पतंग होतात, आणि अशा रात्रीच्या फुलांवर येऊन परागकण नेतात. तोवर माणसे सगळी निघून गेली होती. आम्ही चौघेच होतो.

ही झाली माझी सहल. आता कबुली.

आपल्या मंडळाने गेल्या वर्षी शाळा सुटलेल्या बायकांसाठी संध्याकाळचा वर्ग काढला. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवायचे, असे ठरले. अध्यक्षीणबाई स्वतः माझ्या घरी आल्या होत्या. आणि मी त्यांना काय सांगितले? "मला कुठे अभ्यासाची आवड!" वाळवंटात जे बहिणीला खोडून सांगितले, तेच घरी येऊन पुन्हा बोलले. अध्यक्षीणबाई, ते खरे नव्हते. २०१९ च्या मे महिन्यात मी परत आले तेव्हाच मनात होते. पण मग सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला, पाठोपाठ २०२० ची टाळेबंदी, नंतर चार वर्षे त्यांचे सगळे अंथरुणावर. ते मी मनापासून केले, त्याचे दुःख नाही. गेल्या वर्षी त्या गेल्या. आणि घरात वेळ आहे म्हटल्यावर मला भीती वाटू लागली, की आता डोके चालेल का, मुले हसतील का. म्हणून पुन्हा जुनेच वाक्य पुढे केले.

इथे बसलेल्या कितीतरी जणी असे म्हणतात: आवड नव्हती, डोके नव्हते, आमच्यात मुलींना शिकवत नसत. ज्यांचे खरे असेल त्यांचे असो. पण प्रत्येकीने एकदा एकटीने बसून आठवावे, की ते साल कोणते होते आणि त्या साली घरात काय झाले होते. आणि ज्यांना आजही जमत नाही त्यांना कोणी आळशी म्हणू नये. शिडकाव्याने न उगवणारे बी वाईट नसते. ते शहाणे असते. मात्र खरा पाऊस पडून गेल्यावरही जे बी भिऊन वाळूतच बसते, त्याचे काय, असा प्रश्न मला त्या म्हाताऱ्या बाईंना विचारायचा राहून गेला. तो आता मी स्वतःला विचारला आहे.

चिटणीसबाई, वर्गाच्या वहीत माझे नाव लिहून घ्या. गणित माझे कच्चे आहे हे आधीच सांगते. इंग्रजीची अक्षरे मात्र येतात, बोरेगोच्या फलकावर ती मी पुष्कळ वेळ बघितली आहेत. भाची आता शाळेत जाते. फोनवर तिने विचारले, "मावशी, तू कितवीत आहेस?" तिला मी सांगितले आहे, "सातवी झाली, आता पुढची."